दोन मजल्यांवर विभागलेला माणूस : एका संग्रहालयातील मानव दालनांचे परीक्षण

एका निसर्गविज्ञान संग्रहालयातील मानवी शरीराचे आणि मानवी उत्क्रांतीचे अशी दोन दालने मी अलीकडे दोनदा पाहिली. पहिल्यांदा एकटीने, दीड तासात. दुसऱ्यांदा अकरावीत विज्ञान शिकणाऱ्या भाचीला बरोबर घेऊन, जवळजवळ पूर्ण दिवस. संग्रहालयाचे नाव देत नाही, कारण पुढे काही उणिवा मोकळेपणाने लिहायच्या आहेत. शिवाय या विषयाच्या दालनांत जगात कुठेही गेले तरी पाहायला मिळतात त्या वस्तू बऱ्याच अंशी त्याच असतात. ल्यूसी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, दोन पायांवर चालणाऱ्या प्राचीन मानवपूर्वजाची मूळ हाडे इथिओपियाच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या ताब्यात आहेत, आणि इतर संग्रहालयांत आपण पाहतो त्या त्यांच्या प्रतिकृती. त्यामुळे अशा दालनाची पारख वस्तूंच्या दुर्मिळतेवरून करता येत नाही. त्या कोणत्या क्रमाने, कशाच्या शेजारी आणि कोणता प्रश्न मनात धरून मांडल्या आहेत, यावरून ती करावी लागते.

या संग्रहालयाची मांडणी अशी आहे की तळमजल्यावर ‘मानवी शरीर’ आणि पहिल्या मजल्यावर ‘मानवाची उत्क्रांती’. माझा मुख्य आक्षेप या विभागणीलाच आहे, तो सुरुवातीलाच नोंदवते. खाली शरीर कसे चालते ते सांगितले आहे, वर ते असे का झाले ते सांगितले आहे, आणि दोन्ही मजल्यांना एकमेकांची जवळजवळ खबरच नाही. बहुतेक लोक खालचे दालन सावकाश पाहतात, तिथेच थकतात, आणि वरचे दालन कवट्यांकडे नजर टाकत वीस मिनिटांत संपवतात. पहिल्या भेटीत मीही तेच केले. दुसऱ्या वेळी आम्ही आधी वर गेलो आणि मग खाली उतरलो, तेव्हा तेच संग्रहालय निराळे वाटले. जाणाऱ्यांना माझा पहिला सल्ला हाच आहे की जिना आधी चढावा.

वरच्या दालनाच्या दारावर मात्र एक मोठी चूक रंगवलेली आहे. चार पायांवर वाकलेला वानर, मग थोडा ताठ झालेला, मग हातात दगड घेतलेला आणि शेवटी सरळ उभा माणूस, ही सर्वांच्या परिचयाची रांग. चित्र डोळ्यांना पटकन समजते, आणि तेच त्याचे नुकसान आहे, कारण ते पाहणाऱ्याच्या मनात असे ठसते की चिंपांझी हा आपला पूर्वज आहे आणि उत्क्रांती म्हणजे एका दिशेने चाललेली चढण. चिंपांझी हा आपला चुलत नातेवाईक आहे. त्याच्या आणि आपल्या समान पूर्वजापासून दोन्ही शाखा साधारण साठ ते सत्तर लाख वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या, आणि तेव्हापासून तोही आपल्याइतकीच वर्षे बदलत आला आहे. आत गेल्यावर याच दालनाच्या मागच्या भिंतीवर फांद्याफांद्यांचा एक उत्तम वंशवृक्ष आहे, ज्यात सुमारे तीन लाख वर्षांपूर्वीच्या आडव्या पट्टीवर होमो सेपियन्स म्हणजे आपण, निअँडरथल, डेनिसोव्हा मानव आणि दक्षिण आफ्रिकेतील होमो नलेडी हे मानवाचे सगळे प्रकार एकाच काळात पृथ्वीवर असल्याचे दाखवले आहे. ही भिंत पाहिल्यानंतर दारावरची रांग खोटी ठरते. पण दार सगळे पाहतात आणि मागच्या भिंतीपर्यंत थोडेच पोहोचतात. ती दोन चित्रे आपापसांत बदलली, तर या दालनाचे निम्मे काम होईल.

दालनातील सर्वांत मोलाची जागा कोणती असे विचारले तर मी गुडघ्यांचे टेबल दाखवीन. कवट्यांसमोर गर्दी असते, इथे नसते. टेबलावर तीन मांडीची हाडे आणि त्यांच्या खाली नडगीची वरची टोके बसवली आहेत: एक चिंपांझीचे, एक आजच्या माणसाचे, आणि मधे १९७३ साली इथिओपियातील हदार येथे डोनाल्ड जोहान्सन यांना सापडलेल्या गुडघ्याच्या सांध्याची प्रतिकृती, जिच्यातील न सापडलेला भाग करड्या रंगाने पुरा केला आहे. ल्यूसी सापडण्याच्या एक वर्ष आधीचा हा शोध. तिन्ही हाडे हाताळता येतात, आणि हे फार महत्त्वाचे आहे. चिंपांझीचे मांडीचे हाड गुडघ्यावर सरळ उभे राहते. आपले हाड खुब्यापासून गुडघ्याकडे येताना आत झुकलेले असते, म्हणून आपले गुडघे आणि पावले शरीराच्या मध्यरेषेजवळ येतात, आणि एक पाय उचलला तरी आपण बाजूला कलंडत नाही. चिंपांझी दोन पायांवर चालू लागला की प्रत्येक पावलागणिक डावी-उजवीकडे झोकांड्या खातो, त्याचे एक कारण हा नसलेला कोन आहे. मधल्या, चौतीस लाख वर्षे जुन्या गुडघ्यावर हात ठेवला की तो कोन जाणवतो. कवटी नाही, हात नाहीत, चेहरा नाही. एवढ्या एका सांध्यावरून हा प्राणी दोन पायांवर चालत होता असे सांगता आले. पुरावा म्हणजे काय आणि त्यावरून तर्क कसा चालतो, हे इतक्या थोड्या जागेत शिकवणारे दुसरे टेबल मी पाहिलेले नाही.

या टेबलापाशी एक स्वयंसेवक बसतात. शरीररचनाशास्त्र शिकवून ते निवृत्त झाले आहेत, एवढेच त्यांनी स्वतःविषयी सांगितले. भाचीने त्यांना विचारले, ‘‘सर, हा कोन जन्मापासूनच असतो का?’’ त्यांनी तिच्याकडे कौतुकाने पाहिले आणि सांगितले की नसतो. नवजात बाळाचे मांडीचे हाड चिंपांझीसारखेच सरळ असते; मूल उभे राहून चालायला लागले की वाढत्या हाडावर येणाऱ्या भारामुळे तो कोन पहिल्या काही वर्षांत तयार होतो, आणि ज्या मुलांना चालताच येत नाही त्यांच्यात तो नीटसा घडत नाही. म्हणजे हदारच्या त्या हाडाचा मालक चालण्याजोगा होता, एवढ्यावर न थांबता तो लहानपणापासून प्रत्यक्ष चालत आला होता, असे ते हाड सांगते. ही माहिती फलकावर कुठेही नाही. ती एका माणसाच्या तोंडी आहे, आणि तो माणूस दुपारी दोननंतर घरी जातो. संग्रहालयाने हे एक वाक्य तरी टेबलावर लिहून ठेवायला हवे.

शेजारीच टांझानियातील लेटोली येथील पाऊलखुणांची प्रतिकृती जमिनीत बसवली आहे. ज्वालामुखीच्या राखेवर पाऊस पडून ती ओली झाली, त्यावरून काही जण चालत गेले, राख घट्ट झाली, वर पुन्हा राखेचे थर बसले; मेरी लीकी यांच्या चमूने १९७८ साली हा माग उकरून काढला. वय सुमारे छत्तीस लाख साठ हजार वर्षे. टाचेचा खोल ठसा आणि इतर बोटांच्या ओळीत आलेला अंगठा स्पष्ट दिसतो. भाचीने बूट काढून आपले पाऊल शेजारी ठेवून पाहिले. तशी परवानगी आहे, आणि मोठ्या माणसांनीही संकोच न करता ती वापरावी.

कवट्यांचा विभाग देखणा आहे आणि त्यातला एक प्रयोग अप्रतिम आहे. पाच कवट्यांच्या प्रतिकृती वरून उघडतात. त्यांत प्लॅस्टिकचे बारीक मणी भरायचे आणि मोजपात्रात ओतून आकडा वाचायचा. आमच्या हातून चिंपांझीचा आकडा ४०० मिलिलिटरच्या आसपास आला, ल्यूसीच्या जातीच्या कवटीचा त्याहून थोडाच जास्त, केनियातील तुर्काना सरोवराच्या पश्चिमेला १९८४ साली कामोया किमेउ यांना सापडलेल्या मुलाचा ९००च्या जवळ, आपला १३५०च्या आसपास. मग शेवटची निअँडरथल कवटी भरली आणि मोजपात्र १५००च्या वर गेले. भाची म्हणाली, ‘‘मावशी, आपण मोजायला चुकलो.’’ आम्ही पुन्हा मोजले. चूक नव्हती. निअँडरथलांचा मेंदू आकाराने आपल्यापेक्षा कमी नव्हता, कित्येकदा मोठाच होता. त्यांचे शरीर दणकट होते आणि मेंदूच्या नुसत्या आकारावरून बुद्धीचा हिशेब मांडता येत नाही, हे फलकावर नंतर वाचायला मिळते. आधी हाताने धक्का, मग वाचून उलगडा, हा क्रम ज्याने कोणी ठरवला त्याचे मला मनापासून कौतुक वाटते. एक लक्षात ठेवावे, की कवट्या मणी भरण्यापुरत्या उलट्या धरल्या तर तळाचे मोठे भोक दिसते, ज्यातून मज्जारज्जू बाहेर पडतो. चिंपांझीत ते मागच्या बाजूला असते, आपल्यात जवळजवळ मध्यभागी, कारण आपले डोके कण्यावर तोलून बसलेले असते. हे दाखवणारा बाण तिथे नाही, तेव्हा स्वतःच शोधावे.

गुडघ्यांचे टेबल आणि कवट्यांचे टेबल यांना जोडणारी गोष्ट कोपऱ्यातल्या एका लहान पेटीत आहे, आणि ती चुकवली तर या दालनाचा कणाच चुकतो. पेटीत पिल्टडाउनच्या बनावट मानवाची प्रतिकृती आहे. १९१२ साली इंग्लंडमध्ये एक कवटी आणि जबडा सापडल्याचे जाहीर झाले. कवटी माणसासारखी मोठी, जबडा वानरासारखा. माणूस आधी बुद्धिमान झाला आणि बाकीचे शरीर मागाहून बदलले, ही त्या काळी अनेकांना आवडणारी कल्पना त्यातून सिद्ध झाल्यासारखी वाटली. १९२४ साली दक्षिण आफ्रिकेतील ताउंग येथे एका लहान मुलाची कवटी मिळाली. रेमंड डार्ट यांनी पुढच्या वर्षी तिचे वर्णन प्रसिद्ध केले आणि दाखवून दिले की मेंदू वानराएवढा लहान असूनही तळाचे भोक पुढे सरकलेले आहे, म्हणजे हे मूल ताठ चालणाऱ्यांपैकी होते. डार्ट यांचे म्हणणे मान्य व्हायला दोन दशकांहून अधिक काळ गेला, आणि त्या विलंबाला पिल्टडाउनच्या वस्तूने हातभार लावला. अखेर १९५३ साली ती लबाडी उघड झाली: कवटी माणसाची, जबडा ओरांगउटानचा, दात कानशीने घासलेले, सगळ्यावर जुनेपणाचा रंग चढवलेला. ल्यूसी आणि लेटोली यांच्यानंतर तर शंकेला जागाच उरली नाही. आपले पूर्वज लक्षावधी वर्षे लहान मेंदूनिशी दोन पायांवर चालत होते. आपल्याच शास्त्राची फसवणूक आणि ती शास्त्राच्याच साधनांनी कशी पकडली गेली, हे लपवून न ठेवता पेटीत मांडणारे संग्रहालय मला विश्वासाचे वाटते. पेटीवरचा दिवा मात्र दोन्ही भेटींत बंद होता.

चेहऱ्यांच्या पुनर्रचनेचा विभाग मी थोडक्यात उरकते. पूर्ण केलेले पुतळे प्रेक्षकांना आवडतात, पण डोळ्यांचा रंग, केसांची ठेवण आणि चेहऱ्यावरचे भाव हे कलाकाराने योजलेले असतात, आणि इथे ते कुठेही सांगितलेले नाही. त्यांच्याशेजारी अर्धवट ठेवलेले एक डोके आहे, ज्याच्या एका बाजूला कवटीवर स्नायूंच्या जाडीच्या खुंट्या आणि मातीचे थर दिसतात. तेवढे एक पुरेसे होते.

जनुकांचा विभाग या दालनाचा सर्वांत दुबळा भाग आहे, आणि याचे मला वाईट वाटते, कारण गेल्या काही दशकांत खरी भर इथेच पडली. १९९७ साली निअँडरथलाच्या हाडातून डीएनएचा पहिला तुकडा वाचला गेला, २०१० साली त्यांच्या जनुकसंचाचा मसुदा प्रसिद्ध झाला, आणि या कामासाठी स्वांते पेबो यांना २०२२ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यातूनच कळले की आफ्रिकेबाहेर मुळे असलेल्या माणसांच्या डीएनएत एक ते दोन टक्के वाटा निअँडरथलांकडून आलेला आहे. डेनिसोव्हा मानवाची ओळख तर सायबेरियातील गुहेत मिळालेल्या बोटाच्या एका लहानशा हाडातून डीएनए वाचूनच पटली. हे सगळे इथे चार उंच फलकांवर दाट अक्षरांत लिहिले आहे. स्पर्श करून चालवायचे दोन पडदे होते, त्यांतला एक पहिल्या भेटीत बंद होता आणि दुसऱ्या भेटीतही बंदच होता. तरी एका गोष्टीसाठी इथे थांबावे. चिंपांझी, गोरिला आणि ओरांगउटान यांच्या पेशीत ४८ गुणसूत्रे असतात आणि आपल्या पेशीत ४६. ही जोडी गेली कुठे, याचे उत्तर आपल्या दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्रात आहे: पूर्वीची दोन गुणसूत्रे टोकाला टोक जुळून ते बनले आहे, आणि जे अनुक्रम एरवी गुणसूत्राच्या टोकांना असतात त्यांचे अवशेष याच्या मधोमध सापडतात. फलकावरची आकृती बोटभर आहे. ती माणसाच्या उंचीची असायला हवी होती.

आता तळमजला. वरून उतरल्यावर त्याचे स्वरूप बदलते, असे मी वर म्हटले ते का, ते सांगते. हृदयाच्या कप्प्यांची फिरती प्रतिकृती, फुप्फुसांत हवा भरणारे यंत्र, आतड्यांची लांबी दाखवणारी दोरी, हे सगळे नीटनेटके आणि पाठ्यपुस्तकाला धरून आहे; शाळेच्या सहलींना ते उपयोगी पडते आणि त्यावर अधिक लिहिण्यासारखे नाही. पण मानेच्या नसांच्या प्रतिकृतीत स्वरयंत्राकडे जाणारी डावी नस नीट पाहावी. मेंदूकडून निघालेली ही नस स्वरयंत्रावरून तशीच खाली छातीत उतरते, हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या कमानीखालून वळसा घेते आणि पुन्हा वर चढून स्वरयंत्रापाशी येते. खालच्या फलकावर फक्त तिचे नाव आणि काम आहे. एवढा वळसा का, तर माशांसारख्या पूर्वजांत ती नस कल्ल्याजवळच्या रक्तवाहिनीमागून सरळ जात असे. पुढे मान लांबली, हृदय खाली सरकले आणि नस त्या रक्तवाहिनीमागे अडकून ताणली गेली. जिराफात हाच वळसा कित्येक मीटरचा होतो. आराखडा नव्याने आखता न येता जुन्यातच फेरफार करत जावे लागणे म्हणजे काय, हे या एका तारेवर दिसते, आणि ते सांगणारी एकही ओळ तिथे नाही.

पाठीच्या कण्याच्या प्रतिकृतीवर सर्वांत खालचे हाड निळ्या रंगात दाखवले असून त्याखाली संस्कृतप्रचुर पारिभाषिक नाव दिले आहे. आपल्या भाषेत त्याला माकडहाड म्हणतात, हे लिहिले असते तर समोर थांबलेल्या प्रत्येक मुलाने पुढचा प्रश्न आपणहून विचारला असता. गर्भाला चौथ्या-पाचव्या आठवड्यात शेपटी असते आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास ती मावळते. शेजारच्याच कपाटातील गर्भाच्या वाढीच्या आकृत्यांत ती शेपटी काढलेलीही आहे, पण तिला नाव दिलेले नाही. पोषणाच्या कोपऱ्यात क जीवनसत्त्वाविषयी जे लिहिले आहे त्यातही हीच गोष्ट. बहुतेक सस्तन प्राणी ते स्वतःच्या यकृतात तयार करतात. आपल्यात आणि इतर वानरांत त्यासाठी लागणारे जनुक मोडलेल्या अवस्थेत अजूनही शिल्लक आहे. फलक एवढेच म्हणतो की ते आहारातून मिळवावे लागते.

काही व्यवहाराच्या गोष्टी. वरच्या दालनाला दोन तास आणि खालच्याला एक तास असा वेळ ठेवावा. सकाळी गेल्यास गुडघ्यांच्या टेबलापाशी माणूस भेटतो आणि शाळांच्या सहली अजून खाली असतात. पंधरा मिनिटांचा चित्रपट दारावरच्या रांगेचीच चूक पुन्हा करतो, तो टाळला तरी चालेल. दहा वर्षांखालच्या मुलांना फलक झेपणार नाहीत, पण मणी आणि पाऊलखुणा त्यांना पुरतात. वरच्या मजल्यावर बसायला जागा अगदी कमी आहे. वयस्कर मंडळींना बरोबर नेणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

आम्ही निघता निघता तळमजल्यावरच्या एका कपाटापाशी थांबलो, जिथे पहिल्या भेटीत मी क्षणभरही थांबले नव्हते. आत नवजात बाळाच्या सांगाड्याची प्रतिकृती आहे आणि खाली एकच ओळ: जन्मतः हाडांची संख्या प्रौढांपेक्षा जास्त असते, पुढे काही हाडे जुळून ती २०६ होतात. ओळ बरोबर आहे. पण भाचीने काचेला नाक लावून पहिली गोष्ट पाहिली ती मांडीच्या हाडाची. ते सरळ होते. मग आम्ही पाठ पाहिली; उभे राहू लागल्यावर कमरेत येणारा बाक तिच्यात अजून नव्हता. टाळूपाशी कवटीची हाडे जुळलेली नव्हती, कारण जन्माच्या वेळी आपला मेंदू प्रौढ मेंदूच्या एक तृतीयांशापेक्षाही लहान असतो आणि त्याला पुढे पुष्कळ वाढायचे असते. चालण्यासाठी आखूड आणि वाडग्यासारख्या झालेल्या आईच्या कटिरातून एवढे डोके वळत वळत बाहेर येते. माणसाचे मूल इतके अपुरे का जन्मते, या प्रश्नावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे, आणि तो वाद कपाटाशेजारी मांडण्याजोगा आहे. अभिप्रायाच्या वहीत मी लिहिले की हे कपाट वरच्या मजल्यावर, गुडघ्यांच्या टेबलाशेजारी न्यावे. भाचीने त्याखाली आपल्या अक्षरात भर घातली: ‘आणि दुपारी दोननंतरही कोणीतरी तिथे बसावे.’